आईच्या नावानं लिहिलेलं कार्ड

आमच्या आईला झोप लागत नव्हती म्हणून आम्ही माकणीच्या तळ्यावर राहायला गेलो. हल्ली लोक उन्हाळ्यात तळ्याकाठी जातात, फोटो काढतात, परत येतात. माझी लेकही सारखी मागं लागलेली असते की आई, चल ना कुठंतरी चार दिवस. मी म्हणते, बघू. खरं सांगायचं तर मला आता उत्साहच राहिलेला नाही. बॅग भरायची, आल्यावर उपसायची, चार दिवसांचे कपडे धुवायचे, या नुसत्या विचारानं माझे पाय भरून येतात. आई तेव्हा अडतीस वर्षांची होती. आज मी तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढं आले आहे आणि तिचं ते दमणं मला आता कुठं कळायला लागलं आहे. ते कळून आता कुणाला उपयोग नाही, तरी लिहून टाकते.

आजोबा दोन वर्षं अंथरुणावर होते. उजवी बाजू गेली होती, पण वाचा शाबूत होती, आणि तिचा सगळा वापर एका हाकेसाठी व्हायचा. सूनबाई, पाणी. सूनबाई, कूस बदला. सूनबाई, दार कुणी वाजवलं. वडील शेजारी बसलेले असले तरी हाक सूनबाईलाच. वडील वाईट नव्हते, ते धाराशिवला सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरी आल्यावरही कारकूनच असायचे, म्हणजे समोर आलं तेवढंच बघायचे. आई दिवसभर घर ओढायची आणि रात्री आजोबांच्या खोलीच्या दारात पथारी टाकायची. मग आजोबा गेले, त्यांचं वर्षश्राद्धही झालं, आणि आता ही बाई पोटभर झोपेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण तिची सवयच मोडली होती. डोळा लागला रे लागला की ती दचकून उठायची, आणि कशासाठी उठलो ते आठवेपर्यंत तशीच उभी राहायची. भाजीत मीठ टाकलं की नाही हे मला विचारायची, मी हो म्हटलं तरी चाखून बघायची. एकदा भाकरी थापता थापता पेंगली आणि तिचा हात तव्यावर गेला. तेव्हा कुठं वडील तिला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण आठ दिवस यांना चुलीपासून लांब ठेवा.

चुलीपासून लांब म्हणजे कुठं, हा प्रश्नच होता. माहेरी भावजय बाळंतीण होती, तिथं गेली असती तर तिनं पदर खोचून डिंकाचे लाडू वळायला घेतले असते. शेवटी वडिलांच्या साहेबांनीच माकणीच्या तळ्यावरचं विश्रामगृह सुचवलं. मे महिन्यात तिकडं कुणी साहेब फिरकत नाही, आठ दिवस राहा, म्हणाले. धरणाच्या पाण्याला आमच्याकडं सगळे तळंच म्हणायचे आणि त्या विश्रामगृहाला बंगला. वडिलांनी आयुष्यात स्वतःहून केलेली ही बहुधा एकमेव हौस. आईनं निघताना तिखट, मीठ, आमटीचा येसर मसाला, पोळपाट-लाटणं असं अर्धं स्वयंपाकघर पिशवीत भरलं, आणि वडिलांनी ते एक एक करून बाहेर काढलं.

बंगला म्हणजे दोन खोल्या, पुढं लांब ओसरी, वर पत्रे, मागं धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर. ओसरीपासून पाणी शंभर पावलांवर. उन्हाळ्यामुळं ते बरंच मागं सरलेलं, मधल्या गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्यात कुणीतरी काकड्या, टरबुजं लावलेली. दुपारी पाण्यावरून वारा यायचा आणि पत्रे हलके कुरकुरायचे. धनगरांची मेंढरं पाण्यावर यायची तेव्हा त्यांचा आवाज आधी यायचा, धूळ नंतर. बाकी दिवसभर काही नाही. मला त्या काही नसण्याचा पहिल्याच दिवशी कंटाळा आला. माझी दहावीची परीक्षा झालेली होती, बरोबर पुस्तक नव्हतं, आणि वडील वर्तमानपत्र जाहिरातींसकट दोनदा वाचायचे.

तिथं लिंबाजीकाका नावाचे खानसामे होते. साठीचे, बारीक, डोक्याला पटका, बोलणं मोजकं. त्यांच्या हातची येसराची आमटी मी अजून विसरले नाही. ज्वारीची पातळ भाकरी, ठेचा, कैरीचं लोणचं, कधी वरणफळं. आईला मात्र बसून जेवताच येईना. ती दोन घास खायची, उठायची, कुणाला काय हवं ते बघायची, आणि तिथं तर कुणाला काहीच नको असायचं. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ती ताटं घेऊन मागं गेली. लिंबाजीकाकांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "बाई, हितं पाव्हण्यानं भांड्याला हात लावायचा न्हाय. माझी नोकरी हाय ती." आई ओशाळून ओसरीवर आली आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून खांबाला धरून बसली.

आता माझी गोष्ट. त्या साली वैशाख अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. लेक-जावयाला माहेरी बोलवायचं, पुरण भरून धोंडे तळायचे, जावयाला ओवाळून तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. वडिलांची धाकटी बहीण, आमची सुमनआत्या, मुरुमला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मागचा अधिक महिना आला तेव्हा आजोबा अंथरुणाला होते, त्यामुळं आत्याचे धोंडे राहून गेले होते. या वेळी आईची तब्येत अशी. वडिलांनी मनाशी ठरवलं की या खेपेलाही नको, नंतर बहिणीला एक साडी घेऊ. पण तसं त्यांनी आत्याला कळवलं नव्हतं. कळवणं हे काम त्यांनी नेहमीप्रमाणं उद्यावर टाकलं होतं.

आत्याची शोभा माझ्या वयाची, माझी जिवाभावाची. ती आली तर आम्ही पाण्यात पाय सोडून बसू, काकड्या चोरू, असं माझ्या मनात आलं आणि मग ते मनातून जाईना. पण माझ्या बोलावण्यानं कोण येणार? पोरीच्या कार्डाला मुरुमच्या घरात कुणी भीक घातली नसती. धोंड्याचं आवतण आलं तर मात्र मामांना यावंच लागणार, आणि ते आले की शोभा येणार. हे मला बरोबर कळत होतं. आईला लिहिता येत नव्हतं, वाचायचीसुद्धा एक एक अक्षर लावून. चौथीत असल्यापासून तिची सगळी पत्रं मी लिहायचे. ती भाजी निवडता निवडता सांगायची, मी लिहायचे, शेवटी वाचून दाखवायचे. तिच्या पत्रातलं अक्षर माझंच असतं हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. वडिलांच्या पिशवीत कोरी कार्डं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकावर लिहिलं, सौ. वन्संना सप्रेम नमस्कार, आम्ही माकणीच्या बंगल्यावर आहोत, हवा चांगली आहे, महिना धोंड्याचा आहे, जावई-पाहुण्यांना घेऊन यावं, धोंडे इथंच करू, शोभाला आणायला विसरू नये. लिंबाजीकाका सायकलवर माकणीला निघाले होते, त्यांच्याकडं दिलं. मला जरासुद्धा काही वाटलं नाही. मी सोळा वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते, त्यामुळं अजाणतेपणाचं पांघरूण मी यावर घालणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली. लिंबाजीकाकांनी ओसरीच्या टोकाला सावलीत बाज टाकली होती आणि भोवतीच्या फरशीवर पाणी मारलं होतं. आई तिच्यावर नुसती टेकायची म्हणून बसली, मग आडवी झाली. मला वाटलं आत्ता उठेल. तास झाला, दोन तास झाले. मेंढरं आली आणि गेली, तरी तिची पापणी हलली नाही. तोंड किंचित उघडं, एक हात बाजेखाली लोंबलेला. वडील पायांत चपला न घालता फिरत होते, त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटायचंही थांबवलं. चारच्या सुमाराला लिंबाजीकाका चहा घेऊन आले, आईकडं पाहिलं आणि चहा परत घेऊन गेले. ती उठली तेव्हा ऊन पाण्याच्या पार पलीकडं गेलं होतं. तिच्या गालावर बाजेच्या सुंभाचे वळ उठले होते. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि ती हसली. किती दिवसांनी.

चौथ्या दिवशीही झोपली. तेव्हा मला त्या कार्डाची आठवण झाली. मी मागच्या दारी जाऊन लिंबाजीकाकांना हळूच विचारलं, कार्ड टाकलंत का. ते म्हणाले, त्याच दिशी टाकलं की. कार्डं गहाळ होतात, मुरुमला पोचायला उशीर होतो, मामांना दुकानातून सवड मिळत नाही, अशी मनाची समजूत घालत मी बसले. वडिलांना सांगून लगेच दुसरा निरोप धाडता आला असता. तेवढं धाडस मी केलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी, आई नुकतीच आडवी झाली होती, तेव्हा रस्त्यावर बैलगाडी दिसली. आत्या, मामा, शोभा, तिचे दोन भाऊ, मामांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे आत्याच्या जाऊबाई. आत्या लांबूनच हात हलवत होती. आई उठून बसली, पदर सावरला आणि गोंधळून वडिलांकडं बघायला लागली. वडील माझ्याकडं बघायला लागले. आत्यानं ओसरीवर पाय ठेवला आणि आईच्या गळ्यातच पडली. "वैनी, तुमचं कार्ड आलं आन् माझा जीव भांड्यात पडला. औंदाबी इसरला म्हणून लई वाईट वाटत हुतं मला."

आईनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग ती म्हणाली, "व्हय, म्याच लिवायला लावलं." आणि लगेच आत वळून पाण्याची कळशी घ्यायला गेली. वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाहुण्यांसमोर बोलायची सोय नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. आईनं मला पाठीशी घातलं, असंच मी समजले. रात्री जेवायला बसताना मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले, तिनंही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडे. लिंबाजीकाका म्हणाले होते की मी करतो, साहेब लोकांना पुरणाच्या पोळ्या करून घातल्यात. आत्याच्या जाऊबाईंनी नुसत्या भुवया वर केल्या. जावयाचं वाण खानसाम्याच्या हातचं, हे काही बसण्यासारखं नव्हतं. ते सासूनं करायचं, सासू नसेल तर भावजयीनं. आणि धोंड्याच्या दिवशी लेकीनं माहेरच्या चुलीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत, त्यामुळं आत्याही ओसरीवर. मी आत्याला दोष देत नाही. सासरच्या माणसांत तिला दर खेपेला ऐकावं लागत असणार की तुझं माहेर तुझ्या बापाबरोबरच संपलं. जाऊबाईंना ती मुद्दाम बरोबर घेऊन आली होती ती माहेर संपलेलं नाही हे दाखवायलाच.

आई उजाडल्यापासून चुलीपुढं. डाळ शिजली, गूळ चिरला, पुरण आटलं. पुरणयंत्र नव्हतं, तेव्हा सगळं पाट्यावर वाटायचं. मी थोडं वाटलं, मग शोभानं हाक मारली आणि मी गेले. हेही लिहिलंच पाहिजे. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बसलो, गाळातल्या काकड्या खाल्ल्या, अगदी मनात आणलं होतं तसं सगळं केलं आणि मला त्यातलं काही गोड लागलं नाही. परत आले तर आई कढईपुढं होती, वरचे पत्रे तापलेले, चेहरा लालबुंद. तेहतीस वाणाचे आणि जेवायचे वेगळे. तिचे ओठ हलत होते. ती धोंडे मोजत होती, आणि आकडा चुकला की पहिल्यापासून मोजत होती. लिंबाजीकाका बाहेर लाकडं फोडत होते. गरज नसताना फोडत होते. मला बघून म्हणाले, "आईला जरा बसवा की तुमच्या." मी मान हलवली आणि ताटं मांडायला गेले.

मामांना पाटावर बसवलं, आईनं ओवाळलं, वाणाचं ताट दिलं. मामा भिडस्त माणूस, त्यांचं एकसारखं चाललं होतं की एवढं कशाला, एवढं कशाला. सगळे पोटभर जेवले. धोंडे झकास झाले होते, तूप सोडलं की आत पुरण भुसभुशीत. जाऊबाईंनीही दोनदा मागून घेतले. आत्याचे डोळे भरून आले होते. आई वाढता वाढता भिंतीला टेकली. हातात तुपाची वाटी होती. ती आत्याकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्या लई दमले, वन्सं."

आईच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. आजोबांच्या दोन वर्षांतसुद्धा नाही. आत्या म्हणाली, "दमायला काय झालं वैनी? तुमी तर हवा खायला आलाव हितं." सगळे हसले. मामांचे भाऊ हसले, जाऊबाई हसल्या, वडीलही हसले, कारण पाहुणे हसत होते. मीही हसले. आईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, तीही थोडी हसली आणि मामांच्या ताटात तूप वाढायला वाकली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. जाताना आत्यानं मला जवळ घेऊन कार्डाबद्दल शाबासकी दिली, म्हणाली अक्षर मोत्यासारखं आहे. आमचा आणखी एक दिवस राहिला होता. लिंबाजीकाकांनी न सांगता बाज पुन्हा सावलीत ओढली, फरशीवर पाणी मारलं. आई आडवी झाली, पण डोळे टक्क उघडे. डोळा लागला की दचकायची, परत पत्र्याकडं बघत पडायची. वडील म्हणाले, अतिश्रम झाले, लागेल झोप. लागली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी वडील गाडीचं बघायला माकणीला गेले तेव्हा तिनं मला बाजेजवळ बोलावलं. मी कडेला बसले. ती इकडंतिकडं बघून, कुणी ऐकेल अशा भीतीनं, हळू आवाजात म्हणाली, "नंदे, त्या कार्डात म्या आनिक काय काय सांगितलं हुतं गं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, काय सांगितलं म्हणजे?

"मला काय बी आठवंना. कवा सांगितलं, कुठं बसून सांगितलं. आनिक कुणाला धाडलंय का म्या कार्ड? आता आनिक कोण यायचंय?" तिनं माझं मनगट धरलं होतं. "तुझ्या बापाला बोलू नकोस. डोकं गेलं का काय माझं, ह्याच भ्यावानं डोळा लागंना."

तिनं मला पाठीशी घातलंच नव्हतं. आत्या कार्डाचं बोलली तेव्हा आईनं माझ्याकडं पाहिलं ते आठवायला म्हणून. माझ्यावर तिचा इतका भरवसा होता की मी तिच्या नावानं खोटं लिहीन हे तिच्या मनालाही शिवलं नाही. त्यापेक्षा आपणच सांगून विसरलो, आपलंच डोकं फिरलं, हे तिला खरं वाटलं. तेव्हापासून ती मनातल्या मनात स्वतःला चाचपून बघत होती.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शोभासाठी लिहिलं तेही. रडतही होते. मला वाटलं ती मारेल, निदान बोलेल. तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "आदी सांगायचं हुतंस," आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. त्या दुपारी ती झोपली की नुसती पडून होती, ते मला आजही माहीत नाही. तिला हात लावून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही घरी आलो. आठवड्याभरानं आईच्या भावाला बाळाच्या बारशाबद्दल कार्ड लिहायचं होतं. मी घरातच होते, हात पुसून पेन घेऊन बसलेही होते. आईनं कपाटातून कोरं कार्ड काढलं, पदराखाली धरलं आणि शेजारच्या मास्तरीणबाईंकडं गेली. त्यांच्याकडून लिहून घेतलं, त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि येता येता स्वतःच्या हातानं पेटीत टाकून आली. त्यानंतर तिनं मला कधीच पत्र सांगितलं नाही.